अस्तरातली चांदणी

“काकू, मलापण चांदणी लाव ना. हिला मिळाली, मग मला का नाही?”

शिंपीणकाकूंच्या दातांत दोरा होता, म्हणून उत्तर द्यायला जरा सवड मिळाली. तीस वर्षं त्या सिनेमावाल्यांचे कपडे शिवत होत्या. राजे शिवले, भिकारी शिवले, एकदा तर अख्खी पलटण चार दिवसांत उभी केली. पण असा पेच कधी पडला नव्हता. हा सिनेमा ज्यूंना घराघरातून उचलून छळछावण्यांत नेलं, त्या काळाचा होता. गप्पू त्यात ज्यू मुलगी झाली होती, म्हणून तिच्या कोटावर सहा टोकांची पिवळी चांदणी. बडबडी झाली होती तिची शेजारीण, तिचा कोट कोरा. ही टोपणनावं काकूंनीच ठेवलेली. दोघी आठ-आठ वर्षांच्या; पंधरा दिवसांपूर्वी एकमेकींना ओळखतही नव्हत्या, आता पाणी प्यायलासुद्धा जोडीनं जात. आणि बडबडीचा समज असा, की शाळेत बाई वहीत देतात तशीच ही चांगल्या कामाची चांदणी.

खरं सांगायला काकूंना धीर होईना. हसत्या पोरीचं तोंड आपल्या हातानं कोण उतरवील? त्यांनी पळवाट काढली. बडबडीच्या कोटाला आतून, अस्तरावर, एक चांदणी शिवून दिली आणि कुणाला दाखवायची नाही म्हणून बजावलं. एरवी सिनेमाच्या कामात त्या सगळं कच्च्या टाक्यानं लावत, कारण उद्या ते उसवायचंच असतं. या चांदणीला मात्र पक्का टाका घातला. मायेच्या भरात, दुसरं काय!

तिसऱ्या दिवशी निरोपाचा प्रसंग होता. गप्पू ट्रकमध्ये चढली. बडबडीनं फुटपाथवर नुसतं उभं राहायचं होतं. कॅमेरा सुरू झाला आणि बयेनं बटणं सोडून कोट उघडून धरला.

“बघ, मलापण आहे. मीपण येते.”

दिग्दर्शिकाबाईंनी शॉट थांबवला आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. काकूंनी हात वर केला. आता आपला गाशा गुंडाळायची वेळ आली, असंच त्यांना वाटलं. पण बाई रागावल्या नाहीत. ही चांदणी तेव्हा कुणी हौसेनं लावत नव्हतं, एवढंच म्हणाल्या आणि उसवायला दहा मिनिटं दिली.

काकू पायरीवर बसल्या. पक्का टाका तो, सुटता सुटेना. शेवटी चांदणी निघाली, सुईची भोकं मात्र तशीच राहिली. बडबडी डोळ्यांत पाणी आणून बघत होती. आता पळवाट उरली नव्हती.

“ही बक्षिसाची चांदणी नव्हती गं,” काकू म्हणाल्या. “कुणाला उचलून न्यायचं ते लांबून ओळखू यावं, म्हणून लावायला लावायचे. नेलेली बरीच माणसं परत आली नाहीत.”

बडबडीनं ट्रककडे पाहिलं.

“मग तिची आधी काढ ना.”

काकूंनी कात्री खाली ठेवली. शूटिंग संपलं की पहिलं काम तेच, असं त्यांनी वचन दिलं आणि पाळलंही. संध्याकाळी गप्पूच्या कोटाचा कच्चा दोरा त्यांनी बडबडीच्याच हातात दिला. तिनं ओढला, चांदणी अलगद सुटली आणि दोघी खिदळत अंगणात पळाल्या. त्या दिवशी काकू घरी गेल्या त्या गुणगुणतच.

वर्षानं सिनेमा लागला, तेव्हा काकू आपल्या धाकट्या बहिणीला घेऊन गेल्या. पडद्यावर ट्रक निघाला. फुटपाथवरच्या पोरीनं एक हात कोटाच्या आत घातला आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत तो तिथंच ठेवला. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. बहिणीनं डोळे पुसले.

“थंडी वाजत असेल गं बिचारीला.”

“असेल,” काकू म्हणाल्या. तिच्या हाताखाली अस्तराला सुईची भोकं होती, सहा टोकांची.