ड्रायव्हरचं केळवण

रविराजला गाडी चालवायला मिळाली ती त्याच्या हाडांमुळे. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातल्या पोरांनी वर्षभर खपून स्पर्धेसाठी रेसची गाडी बांधली, आणि अशा गाडीत ड्रायव्हर जितका हलका तितकं बरं. अख्ख्या टीममध्ये रविराजइतकं किडकिडीत कोणी नव्हतं. मोठ्या काळ्या पिशवीत फोम ओतून त्यावर त्याला बसवलं, फोम फुगून घट्ट झाला आणि त्याच्या अंगाबरहुकूम सीट तयार झाली. लग्नाच्या सुटालासुद्धा कोणी इतकं माप घेत नाही.

त्याला हे ड्रायव्हरपण जिवापाड हवं होतं. आजवर वडिलांनी त्याला ट्रॅक्टरखेरीज काही चालवू दिलं नव्हतं, तोही द्राक्षबागेतून, पहिल्या गिअरमध्ये.

चूक एकच झाली. ही बातमी त्याने निफाडजवळच्या आपल्या गावात सांगितली.

"पोरगं रेसला चाललंय, ते काय रोज जातं व्हय?" त्याची थोरली चुलती साळूबाई म्हणाली. "केळवण करावं लागंल."

लग्नाआधी नवऱ्या मुलाचं करतात तसं तिने केळवण केलं. पाट, रांगोळी, पुरणपोळीवर तुपाची धार, वर टॉवेल-टोपी. थोरलीकडे जेवला म्हटल्यावर धाकटी चुलती कशी गप्प बसेल? मग मामी, मग आत्या, मग बांधाला बांध लागून असलेले शेजारी. एका घरी जेवून दुसऱ्याला नाही म्हणणं म्हणजे जन्माचं वैर. रविराज दर शनिवारी गावी जायचा आणि सोमवारी डुलत परत यायचा.

"भरल्यासारखा वाटतोस," टीमची कॅप्टन सृष्टी एकदा म्हणाली.

"आतून स्वेटर आहे."

स्पर्धेचा नियम असा, की पट्टे बांधून बसलेल्या ड्रायव्हरला पाच सेकंदांत गाडीबाहेर पडता आलं पाहिजे. उद्या आग लागली तर? स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात वर्कशॉपमध्ये सराव ठेवला. रविराज गाडीत उतरला तो मुळी अर्धाच. उरलेला अर्धा टीममधल्या ललितने खांदे दाबून आत बसवला.

"चल, बाहेर!" सृष्टी स्टॉपवॉच दाबून ओरडली.

पट्टे सुटले, रविराज सुटला नाही. पाच सेकंद गेले, पन्नास गेले, कोणीतरी चहा सांगितला. अखेर दोघांनी ओढल्यावर तो बाहेर आला, पाठीला कासवासारखी सीट घेऊन. सगळे पोट धरून हसले. सृष्टी हसली नाही, आणि तेच त्याला लागलं.

"फोम तासू या," ललित म्हणाला.

"फोम तासशील. गाडीच्या सांगाड्याचे पाइप कसे तासणार?" सृष्टी म्हणाली.

रविराज रडकुंडीला आला. वर्षभराचं स्वप्न त्याने स्वतःच्या हाताने, तूप लावून, घासाघासाने खाल्लं होतं. सीट जागेवर बसवून तो सृष्टीला म्हणाला, "तू बसून बघ."

पाय पोचावेत म्हणून पाठीशी एक पातळ उशी लावली, आणि सीट सृष्टीला चपखल बसली. चार सेकंदांत ती बाहेर.

स्पर्धेच्या दिवशी साळूबाई निम्मं गाव पिकअपमध्ये घालून हजर. रविराजने मान खाली घातली. "काकू, गाडी मी नाही चालवत. सृष्टी चालवणार आहे."

साळूबाईने दोरीपलीकडे गाडीजवळ उभ्या सृष्टीला आपादमस्तक न्याहाळलं. "ही? आगं बया! हिला कोणी जेवाया घालतं का नाय? हिचं केळवण कोण करणार?"

आणि पिशवीतून चार पुडाचा डबा काढून ती दोरीखालून वाकून थेट गाडीकडे निघाली. त्या डब्यापायी टीमची सगळी मेहनत वाया जाताना रविराजला दिसली. त्याने दोरी ओलांडली, टायरच्या ढिगावरून उडी मारली आणि काकूच्या हातातून डबा घेतला.

"तिच्या वाटचं मी खातो काकू. तिला आत्ता वेळ नाही."

तिथेच मांडी घालून त्याने पोळी मोडली. पहिली संपवून त्याने दुसरीला हात घातला.

ललित स्टॉपवॉच दाखवत आला. "दोरीपासून डब्यापर्यंत साडेचार सेकंद. हे त्या दिवशी का नाही जमलं रे?"

तेवढ्यात परीक्षकांनी पाच सेकंदांच्या चाचणीसाठी गाडीचा नंबर पुकारला. सृष्टी आत बसली, पट्टे आवळले गेले. रविराज तुपाच्या हातानेच उभा राहिला आणि सगळ्या गावाआधी, सगळ्या गावापेक्षा मोठ्याने ओरडला, "सृष्टी, बाहेर!"