सहामाहीपर्यंत क्लास नाही

आठवीतली सान्वी आजही बाकावर डोकं टेकून झोपली होती. उत्तराने फळ्यावर समीकरण मांडलं, तोच मागून कुणीतरी उत्तर सांगून टाकलं. "मॅडम, हे आमचं क्लासमध्ये झालंय." विठ्ठलवाडीच्या या शाळेत आपण फक्त हजेरी घ्यायला येतो, असं उत्तराला हल्ली वाटायचं.

तिने सान्वीच्या आईला, शालनला, बोलावून घेतलं. ती दुकानातल्या कामावरून तशीच आली.

"सकाळी क्लास, मग शाळा, परत क्लास. पोर झोपणार कधी? निदान गणिताचा तरी बंद करून बघा. शाळा सुटल्यावर मी थांबेन."

"राग नका मानू, मॅडम. तुमची मुलगी जाते ना क्लासला?"

"जाते," उत्तरा म्हणाली.

संध्याकाळी लोकलने कोपरला घरी पोचल्यावर तिने नववीतल्या आपल्या मुलीला, अमृताला, विचारलं, "गणिताचा क्लास सोडशील?"

"मग शिकवणार कोण?"

"मी."

"तू? आई, तू घरी आलीस की बोलतसुद्धा नाहीस."

खोटं नव्हतं ते. तरी उत्तराने अमृताचा क्लास बंद केला आणि शालनला फोन करून तसं सांगितलं. शालन म्हणाली, "बरं. सहामाहीपर्यंत बघू."

मग शाळा सुटल्यावर सान्वी आणि आणखी दोघी-तिघी थांबू लागल्या. बाकीच्यांना क्लास गाठायचा असायचा. घरी आल्यावर अमृता. डोकं ठणकत असायचं, उत्तरा चिडायची, अमृता वही आपटायची.

सहामाहीत सान्वीचे मार्क होते तेवढेच राहिले. अमृताचे घसरले.

शालनचा फोन आला. "आता काय करायचं, मॅडम?"

"मलाही कळत नाहीये. पण परवा सान्वीने विचारलं, समीकरणात बाजू बदलली की चिन्ह का बदलतं? नुसतं बदलायचं म्हणून नाही, का बदलतं ते. याआधी तिने मला कधीच काही विचारलं नव्हतं."

"क्लासमध्ये विचारलं की सर म्हणायचे, पाठ कर." शालनने सुस्कारा सोडला. "बंदच राहू दे मग क्लास. वार्षिकपर्यंत बघू."

उत्तराने फोन ठेवला. अमृता भूमितीचं पुस्तक घेऊन दारात उभी होती.

"आज नको ना, आई. दमलीयस तू."

"दमलेय," उत्तरा म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. "कुठलं अडलंय, दाखव."