परजिल्ह्याचा रकाना

१९८८ साली नागपुरातल्या एका आरोग्य कचेरीत सगळ्यांत सुखी माणूस म्हणजे आकडेमोडीचे कारकून चंपतराव. एड्ससाठी तपासलेल्या रक्ताचे तक्ते पाच जिल्ह्यांतून त्यांच्या टेबलावर येत आणि ते विभागाचा आलेख काढत. तिसरं वर्ष लागलं तरी रेघ जमीन सोडेना. साहेब येणाऱ्याजाणाऱ्याला ती रेघ नव्या जावयासारखी दाखवत.

तक्त्यात रकाने दोन: 'जिल्ह्यातील' आणि 'परजिल्ह्यातील'. दुबार मोजणी नको म्हणून बेरीज फक्त पहिल्याची. दुसरा ज्याचा त्याने पाहावा.

मार्चअखेर साहेब म्हणाले, "रोगच नाही, तर रक्तपेढ्यांत तपासणीची किटं कशाला अडवून ठेवता? परत पाठवा." चंपतरावांनी सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं.

मे महिन्यात त्यांची मुलगी गोपिका बाळंत झाली. बाळ छान, पण रक्तस्राव थांबेना. डॉक्टरांनी रक्ताच्या दोन बाटल्या सांगितल्या. जावई गोविंदा पहिली घेऊन वर पळाला. चंपतरावांच्या हाती दुसरी देताना तळमजल्यावरच्या रक्तपेढीतल्या शोभाताई घुटमळल्या.

"काका, ह्या तपासल्या नाहीत. किटं नेली ना तुमच्या हापिसानं."

"अवं, आपल्याकडे आहे कुठं तो रोग? शून्य आहे, शून्य!"

"दुसरा रकाना कधी पाह्यला का तुमी?"

"तो आपला नोहे."

"मंग कोनाचा? पॉझिटिव्ह निंघाला का मोठे डॉक्टर म्हणते, 'आपल्या जिल्ह्यात असं नसते, बाहेरचा लिहा.' आपल्याच जिल्ह्यातल्या कामठीचा मानूस मीच बाहेरचा लिहिला. बाकीचे चार जिल्हे काय येगळं करत असतीन?"

तक्ते चंपतरावांना पाठ होते. उभ्याउभ्याच त्यांनी बोटांवर दुसरा रकाना मांडला. पहिलं साल पाच. दुसरं सोळा. तिसरं तर मार्चपर्यंतच एकेचाळीस.

"हे रक्त कोनाचं आहे?" त्यांनी विचारलं.

"विकनाऱ्याचं. दर पंधरवड्याले येते. पत्ता इचारला तर हासते."

चंपतराव बाटली घेऊन वर गेले. गोपिकाचे ओठ पांढरे पडले होते. पहिली बाटली संपत आली होती.

"बाबा, मले थंडी वाजून राहिली," ती म्हणाली.

नर्सनं हात पुढे केला. "द्या लवकर. आता थांबलो तर पोरगी हातची जाईन."

चंपतरावांनी बाटलीकडे पाहिलं. मग दिली.