पद्माकर दातारचा जर्मन स्कोप
ग्लासगोच्या एका इस्पितळात डोळ्यांचा रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर म्हणून आठ वर्षं घासल्यावर पद्माकर दातारला वाटलं, आता कन्सल्टंट व्हायला हरकत नाही. लीड्सला जागा निघाली होती. शिफारसपत्र मात्र त्याचे साहेब डॉक्टर फर्ग्युसन लिहिणार होते, आणि साहेबांची मर्जी म्हणे वॉर्डात नाही, हायलँड्सच्या डोंगरावर हरणामागे मिळते. १९८७च्या सप्टेंबरात साहेबांकडून शिकारीचं आमंत्रण आलं तेव्हा स्वारी हरखून गेली.

बंदूक शिकारीच्या इस्टेटीचीच मिळणार होती, तिच्यावर नेम धरायची दुर्बीण, म्हणजे स्कोपही होता. पण भिंगातलं आपल्याइतकं कुणाला कळतं? साहेबांना दाखवूनच देऊ, असं त्यानं ठरवलं.

"अहो, झुरळ दिसलं तर मला हाक मारता," बायको सुलक्षणा म्हणाली. "हरीण कसलं मारताय?"

"हरणाचं सोड गं. लीड्सचं बघ."

तीन आठवडे त्यानं कॅटलॉग पाठ केले. संध्याकाळी डोळ्यातली बाहुली किती मोठी होते, कुठल्या काचेतून किती उजेड येतो, यावर दुकानदारालाच तासभर लेक्चर दिलं. डोळा भिंगापासून किती लांब ठेवायचा, हे तो बिचारा सांगू पाहत होता.

"डोळ्यांचं मला नका सांगू," पद्माकर म्हणाला आणि सर्वांत महागडा जर्मन स्कोप घेऊन आला.

इस्टेटीच्या रखवालदारानं तो मुकाट्यानं बंदुकीवर बसवला. डोंगर चढण्याआधी पाहुण्यानं कागदी निशाणावर गोळी झाडून दाखवायची, असा तिथला रिवाज. पद्माकर पालथा झाला आणि रोज पेशंट तपासताना यंत्राला डोळा भिडवायचा, तसा त्यानं स्कोपला भिडवला. चाप ओढला. बंदुकीनं मागे धक्का दिला आणि जर्मन कड भुवईत घुसली. गोळी कुठे गेली ते देव जाणे.

रखवालदार पोट धरून हसला. साहेब बॅग घेऊन धावले, टाके घालायला सुई काढली. त्यांचा हात लटलटा कापत होता.

आठ वर्षं मोतीबिंदूच्या ऑपरेशनांच्या दिवशीच साहेबांच्या मीटिंगा का निघत आणि सगळ्या केसेस आपल्यावर का पडत, हे पद्माकरला त्या क्षणी कळलं. त्याला कळल्याचं साहेबांनाही कळलं.

"लीड्सचं पत्र लिहून ठेवलंय," ते सुईकडे बघत म्हणाले. "नॉट क्वाइट रेडी, असं. मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्याशिवाय माझं चालायचं नाही."

"थँक यू, सर," पद्माकर सवयीनं म्हणाला. मग मात्र त्याचं टाळकं सणकलं. असा संताप त्याला या देशात आल्यापासून आला नव्हता. त्यानं सुई काढून घेतली आणि गाडीच्या आरशात बघून स्वतःच चार टाके घातले.

सोमवारी सकाळी त्यानं साहेबांना फोन लावला.

"सर, डोळा सुजून बंद झालाय. तीन आठवडे ऑपरेट करता येणार नाही. आजच्या बारा केसेस तुम्हीच करा."



"पद्माकर," साहेब शेवटी म्हणाले, "लीड्सला नेमकं काय लिहू?"

पद्माकरनं खुर्ची ओढून घेतली आणि सावकाश, स्वल्पविरामांसकट, मजकूर सांगायला सुरुवात केली.