एकाच रिळावरचे दोर

लिफ्टच्या तपासणीत त्याचा एक नियम होता आणि त्या नियमापायी त्याने पुष्कळांचे शिव्याशाप खाल्ले होते. एका लिफ्टच्या दोरात दोष सापडला, की त्याच रिळावरून कापलेला दोर जिथे जिथे बसवला असेल, ती प्रत्येक लिफ्ट त्याच दिवशी बंद करायची. दोष सिद्ध होण्याची वाट पाहायची नाही. संशय हीसुद्धा माहितीच, असे तो म्हणे, आणि तिच्यावर पहिला हक्क लिफ्टमध्ये पाय ठेवणाऱ्याचा.

हाच मनुष्य अकरा महिने हत्यारांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली, एक लिफाफा दडवून हिंडत होता. त्याची आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, मागोमाग बहीणही त्यानेच गेली. बहिणीच्या डॉक्टरांनी आग्रह धरला म्हणून त्याने रक्त दिले, तेव्हा लिफाफ्यातला तो अहवाल आला : आईच्या जनुकांतला दोष त्याच्याही रक्तात होता. तो मुलींमध्ये उतरला असण्याचा संभव प्रत्येकीच्या बाबतीत निम्मा. बायकोने दर महिन्याला विचारावे, "पोरींना कधी सांगणार?" आणि त्याने दर महिन्याला नवा मुद्दा काढावा. धाकटीची परीक्षा आहे. थोरली नुकती कुठे कामाला लागली आहे. पंचविशीच्या आत तपासण्या तरी कुठे सुरू होतात? वादात त्याला कोणी हरवू शकत नसे, हेच त्याचे दुर्दैव.

थोरली त्याच्याच हाताखाली काम शिकत होती. त्या दुपारी गच्चीवरच्या यंत्रखोलीत तिने दोरावरून चिंधी फिरवली. चिंधी जागोजागी अडकली.

"बाबा, तारा तुटल्यात. याच रिळाचा दोर आणखी तीन इमारतींत आहे. तिन्ही ठिकाणच्या सूचना लिहिते, तुम्ही सही करा."

तिने त्याच्याच ठरलेल्या शब्दांत लिहिले : दोष असेलच असे नाही, परंतु कळवणे आमचे कर्तव्य आहे. त्याने ते वाचले. पेन कागदावर टेकले आणि तिथेच राहिले.

"करा की. का, सही विसरलात? म्हातारे झालात हो."

त्याने ग्रीसचा डबा बाजूला सारला आणि लिफाफा तिच्या हातात ठेवला.

तिने उभ्यानेच दोनदा वाचले.

"आत्याला सासरच्या काळजीने झालं, असंच म्हणायचे ना सगळे?"

"म्हणायचे."

"आणि असलं काही आईकडूनच येतं, असंही."

"बापाकडूनही येतं," तो म्हणाला. "तितकंच."

तारखेवर ग्रीसचा डाग होता. तो तिने अंगठ्याने पुसला. "अकरा महिने. एवढ्या काळात तुम्ही एकोणीस लिफ्ट बंद केल्यात, बाबा. सूचना मीच लिहिल्या."



ती एका पालथ्या खोक्यावर बसली. "डाव्या बाजूला गाठ आहे. चार महिने झाले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला होतं का. मी म्हटलं, नाही. आजी, आत्या मनातसुद्धा आल्या नाहीत, त्या तुमच्याकडच्या. मग त्या म्हणाल्या, वय लहान आहे, सहा महिने वाट बघू."

  तो तिच्याकडे एक पाऊल सरकला; तिने लिफाफा मध्ये धरला.

"डॉक्टरीणबाईंना मी आत्ताच फोन करते. धाकटीला मात्र मी सांगणार नाही. ते तुमचं काम."

त्याने तिन्ही सूचनांवर सह्या केल्या. मग धाकटीला फोन लावला.

"बाबा? तास चालू आहे. पटकन बोला."

'संध्याकाळी बोलू' हे शब्द जिभेवर तयार होते. अकरा महिन्यांत ते चांगलेच गुळगुळीत झाले होते. समोर थोरली फोन कानाला लावून, त्याच्यावरची नजर न काढता, पलीकडून कोणी बोलण्याची वाट पाहत होती.

"वर्गाबाहेर ये," तो म्हणाला. "ये सावकाश. मी फोन धरून थांबतो."