त्या काचेवरचा डाग

"बाबांना आता फारसं आठवत नाही हं," साहेबांची मुलगी दार उघडता उघडता म्हणाली.

"नसेना का! मला एकच वाक्य ऐकायचंय," म्हणत बाई तरातरा आतल्या खोलीत शिरल्या.

बाई वेधशाळेत फोटोच्या काचा धुवायच्या. साहेब दुर्बिणीतून काचेवर आकाशाचे फोटो घेत, बाई सकाळी अंधाऱ्या खोलीत त्या काचा रसायनात बुडवत. एका काचेवर पुसट डाग निघाला आणि साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बाईंचं बोट लागलं!" शंका आली की आकाशातल्या त्याच जागेचा फोटो दुसऱ्या काचेवर घ्यायचा, हा तिथला साधा नेम. साहेबांनी तेवढीही तसदी घेतली नाही. बाईंची रवानगी फाटकाजवळच्या चौकशीच्या खिडकीत झाली, ती निवृत्त होईपर्यंत. "माझं बोट लागलं नाही हो," असं सांगून सांगून तोंड दुखलं. पुढे पुढे तर त्यांना स्वतःलाच वाटायला लागलं, असेल बाई आपलंच.

आणि परवा वेधशाळेतल्या नव्या संशोधक मुलीचा फोन. जुन्या काचा तपासताना तिला तो डाग दिसला, म्हणून तिने मोठ्या दुर्बिणीने नेमकं तिथेच पाहिलं होतं.

"मावशी, डाग कसला? अख्खी सर्पिल दीर्घिका आहे! मधल्या कृष्णविवराभोवतीचा वायू नुसता भडकलाय. तिचा उजेड निघाला ना, तेव्हा पृथ्वीवर माणूसही नव्हता!"

बाईंना आनंदाआधी संतापच आला. माणूसही नव्हता, आणि आळ माझ्या बोटावर!

साहेब खिडकीशी खुर्चीत बसले होते. बाईंनी त्या दीर्घिकेचा छापील फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. "ओळखलंत का मला?"

साहेबांनी बराच वेळ निरखलं. मग चेहरा उजळला. "काच खराब केलीत, त्या बाई ना तुम्ही?"

"घ्या!" बाईंनी कपाळावर हात मारला. "सगळं विसरलात, आणि एवढंच बरं लक्षात राहिलं! अहो, दीर्घिका होती ती. दुसरी काच घेतली असतीत, तर शोध तुमच्या नावावर लागला असता. नाही म्हणा एकदा. बाईंचं बोट नव्हतं, एवढं म्हणा."

साहेबांची मुलगी ओशाळून दारातच उभी राहिली.

साहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. खिशातून रुमाल काढला आणि मधला तो झगझगीत ठिपका पुसायला लागले. "नीट धुतली नाहीत," ते पुटपुटले. "नीट धुतली नाहीत."

ते वाक्य आता कुणाकडूनच मिळणार नव्हतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि साहेबांशेजारी बसल्या.

"हळू, साहेब," त्या म्हणाल्या. "कागद फाटेल."