बारावा किलोमीटर

मुठीत कापसाचं बोंड होतं. उमललेलं, दवानं ओलं, आणि त्याच्या वाळक्या टरफलाची टोकं तळहाताला टोचत होती म्हणूनच ते लक्षात आलं—कपाळावर बांधलेल्या बॅटरीच्या उजेडात नागसेननं मूठ उघडली आणि पळता पळताच तो त्या पांढऱ्या पुंजक्याकडे बघत राहिला. हे आपण कधी तोडलं? बोंड तोडायचं म्हणजे रस्ता सोडायला हवा, कडेची पाण्याची चारी ओलांडायला हवी, वाकायला हवं... बुटांना चिखल होता. पोटरीला कसलंसं कुसळ चिकटलं होतं. म्हणजे गेलो होतो. चारी ओलांडली, शेतात शिरलो, बोंड तोडलं, परत रस्त्यावर आलो, पळायला लागलो... आणि तेवढ्यात मनगटावरचं घड्याळ थरथरलं. बारावा किलोमीटर, सहा मिनिटं दोन सेकंद.

सहा-दोन. ना एक सेकंद इकडे, ना एक तिकडे. शेतात शिरण्यात दहा-बारा सेकंद गेले असतील तर तेही पुढं भरून काढले होते—कुणी? त्यानं बोंड झटकून टाकलं, बोटांना चिकटलेला कापूस चड्डीला पुसला आणि तो धावत राहिला, कारण थांबलं तर तेरावा बिघडला असता. अकराव्याचा थरथराट त्याला आठवत होता: मळ्यातलं कुत्रं भुंकलं होतं, डाव्या बुटाची नाडी सैल वाटली होती. त्यानंतर थेट बोंड. मधे अंधार नाही, झोप नाही, काही नाही... बायको, सुमेधा, फाटलेलं लुगडं आतून मुडपून शिवते तसे दोन काठ एकमेकांना येऊन भिडलेले, मधलं कापड गेलं कुठं ते शोधायला फटसुद्धा नाही.

संभाजीनगरची मॅरेथॉन सव्वीस दिवसांवर आली होती. बेचाळीस किलोमीटर, सव्वाचार तासांत, म्हणजे दर किलोमीटरला सहा-दोन—हे गणित देवानंद सरांचं. सर शाळेत खेळ शिकवायचे आणि नागसेन त्याच शाळेची बस चालवायचा. पहिल्या दहा किलोमीटरला अंगात मस्ती असते, सर सांगायचे, तिथं जो सुटतो तो तिसाव्याला रस्त्याच्या कडेला पाय धरून बसलेला दिसतो. वेग म्हणजे जोर नव्हे, वेग म्हणजे आवरणं. वीस वर्षं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला हे सांगायची गरज नव्हती, पण पायाखाली अ‍ॅक्सिलरेटर असणं वेगळं आणि पायच अ‍ॅक्सिलरेटर असणं वेगळं. त्याचे किलोमीटर कधी पाच-पन्नास पडायचे, कधी सहा-पंधरा. नेमका सहा-दोनचा एकच पडायचा. जो त्याला आठवत नसे तो.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा तो चक्क खूश झाला होता. खोटं कशाला बोला! त्याच्या गल्लीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेला तो एकटाच, आणि त्या दहा दिवसांत त्याला काहीएक जमलं नव्हतं—गुडघा ठणकायचा, बसच्या ब्रेकचे विचार यायचे. तेच आता रस्त्यावर, पळता पळता, फुकटात घडलं म्हणून त्याला वाटलं, चला, लागलं एकदाचं ध्यान. देवानंद सरांनी आकडे पाहून पाठ थोपटली. मग एका सकाळी दात घासताना त्याच्या डोक्यात आलं... शिबिरात काय सांगत होते? श्वास आत येतोय, जाणा. बाहेर जातोय, जाणा. टाचेला खाज सुटली, जाणा. सगळं काम जाणण्याचं, आणि इथं तर जाणणाराच उठून गेलेला. हे ध्यान नव्हे. हे त्याच्या नेमकं उलटं काहीतरी आहे. तोंडातला फेस तोंडातच राहिला.

आणि मग वडील, दादा, आठवले. जेवता जेवता दादांचा घास हातातच राहायचा. डोळे उघडे, तोंड उघडं. आम्ही भावंडं हसायचो, दादा गावाला गेले, दादा गावाला गेले... आणि आई भाकरी थापता थापता म्हणायची, ‘आले का? मंग घ्या कोरड्यास.’ घरातली गंमतच होती ती. एका वर्षी सोयाबीनच्या मळणीत यंत्रात त्यांचा हात कोपरापर्यंत गेला. गाव म्हणालं, प्यायला असेल. दादांनी उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता. ‘मी तर बराबर पेंढ्या सारून राह्यलो होतो,’ ते म्हणत राहिले, दवाखान्यात, घरी, मरेपर्यंत. आणि त्यांना कुणी विचारलं नाही, मीही नाही, की दादा, सारलेली शेवटची पेंढी आठवते का तुम्हाला?

दादा आठवले त्या दिवसापासून त्यानं स्वतःशी एक ठरवून टाकलं होतं. हे पळतानाच होतं, बसमध्ये होत नाही. बसमध्ये अडतीस लेकरं, गिअर, क्लच, भांडणं, लेकरांना सांभाळणाऱ्या कौसल्याबाईंची शिट्टी—एवढ्या गोंगाटात माणूस हरवणार कसा? पण एकदा, एकदा जरी बसमध्ये झालं, तर त्याच दिवशी किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर. शपथच. शपथ घेतल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की त्याच संध्याकाळी त्यानं मॅरेथॉनचा फॉर्म भरला. चक्कर, फिट, शुद्ध हरपणे: हो किंवा नाही. त्यानं ‘नाही’वर बोट टेकवलं. शुद्ध कुठं हरपत होती? सहा-दोननं पळणाऱ्या माणसाला बेशुद्ध कोण म्हणेल?

सांगितलं की लायसन जाणार, लायसन गेलं की बस जाणार, हे उघड होतं. पण खरी गोष्ट त्याहून लाजिरवाणी होती. बसपेक्षा त्याला पळण्याचं वाईट वाटायचं. वीस वर्षं लोकांनी बस पाहिली, ती चालवणारा पाहिला नाही. गेल्या वर्षी तो अर्धी मॅरेथॉन पळून आला आणि दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढला तेव्हा लेकरांनी टाळ्या वाजवल्या. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्यांवर तो वर्षभर पळत होता.

सव्वासहाला तो घरी आला. सुमेधा दारातच उभी होती, तिनं आधी बूट पाहिले.

‘एवढा चिखल कायचा?’

‘चारीत पाय गेला.’

‘अंधारात कामून पळून राह्यले तुम्ही? किती वाळले बघा. एकदा डॉक्टरला दाखवून या ना. बेचाळीस किलोमीटर म्हणजे गंमत न्हाई.’

‘सव्वीस दिवस राह्यले फक्त. मंग जाऊ.’

‘मंग म्हणजे? पळून झाल्यावर?’

तो हसला. ती हसली नाही. त्याच्या चेहऱ्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली, आणि त्याला वाटलं, आत्ता विचारेल... पण तव्यावरची पोळी करपली आणि ती आत गेली. त्याला हायसं वाटलं. बायकोनं विचारलं नाही म्हणून हायसं वाटावं, असे दिवस त्यांच्या संसारात याआधी आले नव्हते.

आज बसमध्ये तो फार जपून बसला. सकाळचं बोंड मनातून जात नव्हतं. आजवर पळताना नुसता रस्ता हरपला होता. आज त्या हरपलेल्या रस्त्यात आपण काहीतरी केलं होतं, आपल्या हातांनी, आपल्याला न विचारता. म्हणून आज एकही गोष्ट सुटू द्यायची नाही. तो मनातल्या मनात नावं घेत गेला: मारुतीचा पार, सात लेकरं. बाजारपट्टी, पंधरा. जिनिंगचं गेट, ट्रॅक्टरची रांग, कापसानं फुगलेल्या ट्रॉल्या, जपून, उजवीकडून. पाण्याची टाकी, जुळी भावंडं चढली, धाकट्याची बाटली पडली, कौसल्याबाईंनी उचलली, शिट्टी झाली. आरसा. दुसरा गिअर. तिसरा. डावीकडे तूर, पिवळ्या फुलोऱ्यावर नुकतं आलेलं ऊन...

शाळेच्या फाटकापुढच्या गतिरोधकावर पुढची चाकं हळू चढली, हळू उतरली. बस नेहमीच्या जागी उभी राहिली. त्यानं हँडब्रेक ओढला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. झाली आजचीही फेरी. उगाच घाबरतो आपण, तो स्वतःवरच वैतागला, आणि खाली उतरून दाराशी उभा राहून लेकरांना उतरवू लागला. चौथीतली अक्षता आली तेव्हा तिचा उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

‘अगं, हे कधी झालं? हात कसा मोडला?’

अक्षता पायरीवरच थांबली. थट्टा चाललीय की काय, अशा नजरेनं तिनं त्याच्याकडे बघितलं.

‘काका, आत्ता तर सांगितलं तुम्हाला. झोक्यावरून पडले म्हणून. तुम्हीच म्हणाले, आता डाव्या हातानं चित्र काढ, मजा येते.’

मागून कौसल्याबाई हसल्या. बसमधल्या लेकरांची सारी जबाबदारी त्यांच्यावर. त्यांचं लक्ष सगळीकडे असायचं.

‘नागसेनभाऊ, झोप झाली न्हाई वाटतं तुमची! वस्तीवर गाडी उभी करून दोन मिनिटं बोलत बसले की तिच्याशी. मीच म्हटलं, चला जल्दी. अन् ते पुलावर एष्टी आली समोरून, तर काय मस्त मागं घेतली गाडी! मी तर बाई डोळेच मिटून घेतले होते.’

‘मागं घेतली,’ तो म्हणाला.

‘पार ह्या टोकापर्यंत. बिलकुल घासली न्हाई कुठं. एष्टीवाल्यानं हात केला ना तुम्हाला.’ त्या अक्षताला उतरवून पुढं निघाल्याही. ‘चला, सगळे उतरले. बराबर.’

त्या पुलाला कठडा नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या पुरात गेला तो गेलाच. खाली वीसेक फूट खोल, दगड आणि थोडं पाणी. त्या पुलावरून अडतीस लेकरं भरलेली बस कुणीतरी मागं मागं घेतली होती, आरशात बघत, एकेक वीत मोजत. टाकीपासून शाळा नऊ किलोमीटर. पळताना एक जायचा, इथं नऊ गेले... तो बसच्या पायरीवर टेकला. कुणाला तरी विचारावं, की मी कुठून कुठपर्यंत नव्हतो, असं त्याला अगदी कळकळीनं वाटलं, आणि मग कळलं की हे कुणालाच विचारता येणार नाही. कौसल्याबाईंनी त्याला पाहिलं होतं. अक्षताशी तो बोलला होता. समोरच्या एष्टीवाल्यानं त्याला हात केला होता. सगळ्या जगाच्या लेखी तो तिथंच होता, उलट रोजच्यापेक्षा जरा बराच होता: लेकराची विचारपूस करणारा, घाई नसलेला. त्या माणसात दोष काढायला जागा नव्हती. दोष एवढाच की तो नागसेनला ओळखत नव्हता.

‘अरे, इथं काय बसलास!’ देवानंद सर मैदानावरून आले, हातात फोन. नागसेनच्या घड्याळातले आकडे सकाळीच त्यांच्या फोनवर पोचायचे. ‘बघितलास आजचा बारावा? सहा-दोन! आधीचे दोन बघ, नंतरचे दोन बघ, सगळे लंगडतायत. आता डोक्यात एकच ठेव. तो बारावा जसा पळालास ना, तसे सगळे बेचाळीस पळ. बस.’

सगळे बेचाळीस. सुरुवातीची गर्दी, छातीवर टाचलेला नंबर, पिस्तुलाचा आवाज... आणि लगेच गळ्यात पदक, मधलं काही नाही, तिसाव्या किलोमीटरचे पेटके नाहीत, सव्वाचार तासांतला एकही श्वास नाही. लोक टाळ्या वाजवतायत आणि टाळ्या घ्यायला तेवढा आपण परत आलोय. क्षणभर, हे कबूल करायलाच हवं, क्षणभर त्याला ते चित्र आवडलं. मग त्यानं सरांकडे पाहिलं.

‘सर,’ तो म्हणाला.

‘बोल की.’

मुख्याध्यापकांची खोली वीस पावलांवर होती. दाराचा निळा पडदा बांधून ठेवलेला, आत पंखा फिरताना दिसत होता, टेबलही दिसत होतं. किल्ली त्याच्या हातातच होती. सुटीची फेरी साडेबाराला, म्हणजे वेळही पुष्कळ होता. दुसरा ड्रायव्हर मिळाला असता, एखाद्या पालकाची जीप मिळाली असती. वाक्य तयार होतं, जिभेवर होतं: मी बस चालवणं आता बरं नाही. देवानंद सर वाट बघत होते. मैदानावर रांगा लागत होत्या, कुणाचा तरी डबा पडून मुरमुरे सांडले होते, चिमण्या आल्या होत्या, सरांच्या शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं. सगळं लख्ख दिसत होतं. इतकं लख्ख कित्येक दिवसांत दिसलं नव्हतं.

‘काही न्हाई,’ तो म्हणाला, ‘चौदावा जरा जड गेला, एवढंच.’

‘जाणारच!’ सर हसले आणि शिट्टी वाजवत मैदानाकडे गेले.

तो पायरीवर बसून राहिला. प्रार्थना सुरू झाली, संपली, वर्गांची दारं लागली. पुलावर कोण होतं, मला माहीत नाही. वस्तीवर त्या पोरीची चौकशी कुणी केली, मला माहीत नाही. सकाळी कुणाच्या तरी शेतात कोण शिरलं होतं, तेही नाही. पण आत्ता जो ‘काही न्हाई’ म्हणाला, त्याचा शब्दन् शब्द मला आठवतो. तो मीच होतो.